भाऊबीजेची गिटार

मराठी मध्यमवर्गीय घरात पेटी आली किंवा तबला आला, तर त्यांची नाडी ओळखणारे कोणी ना कोणी घरात आधीच असते. निदान शेजारचे काका येऊन ‘‘पट्टी काळी दोन बरी’’ असे सांगून, चहा पिऊन जातात. गिटारीचे तसे नाही. तिची जातकुळी जाणणारे घरात कोणी नसते. साहजिकच तिची निवड होते ती रंगावरून आणि किमतीवरून. तीन महिन्यांनी ती कपाटावर, फराळाच्या रिकाम्या डब्यांशेजारी जाऊन बसते आणि घरचा निकाल लागतो, ‘‘याच्या हातात कलाच नाही!’’

हा निकाल देण्यापूर्वी वाद्याची साक्ष कोणी काढीत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. वीस वर्षे वाजवणारा माणूस वाईट गिटारीतूनही चार बरे सूर काढील, कारण तिचे कोठे दुखते हे त्याला ठाऊक असते. नवशिक्याला ते कळत नाही. तो सारा दोष आपल्या बोटांकडे घेतो. म्हणून चांगल्या वाद्याची खरी गरज उस्तादाला नव्हे, पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याला असते.

हे लिहिण्याचे निमित्त आमची ताई. मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. तारेशी माझा संबंध कपडे वाळत घालण्यापुरता. पण गणपती पोहोचवले त्याच आठवड्यात ताईचा फोन आला, ‘‘अरे, यंदा भाऊबीजेला साडी नको. गिटार घेऊन दे.’’ ताईचे वय ५२. माझ्या एम. ए.च्या दोन्ही वर्षांची फी तिच्या पगारातून गेली आहे. त्याच दिवसांत तिला गिटारीचा क्लास लावायचा होता, हे मला पुष्कळ वर्षांनी आईकडून कळले. ताईने स्वतः कधी विषय काढला नाही. तेव्हा यंदाची ओवाळणी नेहमीसारखी उरकून चालणार नव्हते. मी चार जाणकारांकडे खेटे घातले, वाचले, आणि मग आम्ही दोघे दुकानाची पायरी चढलो.

प्रथम ठरवावयाचे ते हे की, कोणती गिटार? आमच्या आईवडिलांच्या पिढीत अनेकांच्या डोळ्यांपुढे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवावयाची हवाईयन गिटार येई. व्हॅन शिप्ली यांनी तिच्यावर सिनेमाच्या चाली वाजवल्या, ब्रिजभूषण काब्रा यांनी राग मांडले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती संतूर आणि बासरीच्या पंक्तीला बसली. ताईला हवी होती ती दुसरी, उभे पोट छातीशी धरून बोटांनी पडदे दाबावयाची.

हिच्याही दोन शाखा आहेत. एकीला नायलॉनच्या तारा, दुसरीला पोलादी. पूर्वी नायलॉनच्या जागी आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धात तो दोरा शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागला आणि तारांची टंचाई झाली. तेव्हा थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या प्रोत्साहनाने न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा घडवल्या. नायलॉन बोटांना मऊ, पण त्या गिटारीची मान रुंद, सुमारे ५२ मिलिमीटर. पोलादी तारांच्या गिटारीची मान सुमारे ४३ मिलिमीटर. लहान हाताला ती सोयीची, पण तार बोटाला चावते. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलो भरतो, नायलॉनच्या तारांचा सुमारे ४०. म्हणून ‘आवाज मोठा येईल’ अशा आशेने नायलॉनच्या गिटारीवर पोलादी तारा चढवू नयेत; एखाद्या दिवशी घोडी तबलीसकट उखडून हातात येते.

दुकानातला मुलगा नम्र होता. ‘‘काकू, शिकणाऱ्याचं वय काय?’’

‘‘बावन्न,’’ ताई म्हणाली.

मुलाने भुवई हलू दिली नाही, याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे. त्याने पुढचा प्रश्न विचारला तो मात्र लाखमोलाचा, ‘‘कोणती गाणी वाजवायची आहेत?’’ ताईला जुन्या हिंदी गाण्यांना साथ करावयाची होती. म्हणजे पोलादी तारा. अर्धा प्रश्न तेथेच सुटला.

त्याने आधी दाखवली ती ‘ड्रेडनॉट’ मापाची. हे नाव ब्रिटिश युद्धनौकेवरून पडलेले. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये हे माप प्रथम काढले. आवाज भरघोस, पण ती मांडीवर घेताच ताईचा उजवा खांदा कानाला जाऊन टेकला. असा खांदा रोज अर्धा तास धरला, तर संगीताआधी पाठदुखी शिकून होते. मग लहान पोटाची गिटार आली, आणि खांदा आपल्या जागी उतरला. वाद्य आधी अंगाला बसावे, कानाचे त्यानंतर पाहावे.

कानाची परीक्षा सोपी आहे. बारावा पडदा मोकळ्या तारेच्या मध्यावर असतो. तेथे तारेला बोट नुसते टेकवून छेडले, की मोकळ्या तारेच्या सुराचा वरच्या सप्तकातला जोडीदार उमटतो. आता तोच पडदा दाबून छेडावे; तोच सूर आला पाहिजे. ताईने एका निळ्या, चकचकीत गिटारीवर हा प्रयोग दोनदा केला आणि ती खाली ठेवीत म्हणाली, ‘‘अरे, ही खोटं बोलते.’’

त्याच बाराव्या पडद्यापाशी मोजपट्टी लावावी. सर्वांत जाड पोलादी तार पडद्यापासून अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. नायलॉनची चारपर्यंत चालते. तारा याहून फार उंच असतील, तर त्या दाबताना नवशिक्याची बोटे रडकुंडीला येतात. पुष्कळ गिटारी कपाटावर जातात त्या या एकाच कारणाने. मौज अशी की, हा दोष बहुधा दुरुस्त होतो. चांगला कारागीर घोडीवरची पट्टी घासून तारा खाली आणतो, पोलादी तारांच्या गिटारीत मानेच्या पोटातील लोखंडी दांडी फिरवून बाक काढतो. पैसे देण्यापूर्वीच दुकानदाराकडून हे काम करून मागावे. मानेच्या कडेवरून तळहात फिरवावा. पडद्यांची टोके खरवडता कामा नयेत. शेवटी प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून पाहावी. कोठे झणझण ऐकू आली तर विचारावे.

लाकडाविषयी दुकानात मोठमोठे शब्द ऐकू येतात. त्यातले घ्यावयाचे एवढेच की, अखंड लाकडाची तबली गोड बोलते, पण दमट हवेत जपावी लागते. प्लायवुडची तबली जरा कमी बोलते, पण मुंबई-कोकणचा पावसाळा मुकाट्याने सोसते. पहिल्या गिटारीला प्लायवुड असणे हा काही कमीपणा नव्हे.

ताईने लहान पोटाची, साध्या लाकडी रंगाची गिटार पसंत केली आणि तिच्यावर बारीक तारांचा संच चढवून घेतला. मी पैसे देऊ लागलो तशी तिने पर्स उघडली. ‘‘ओवाळणी आहे ती,’’ मी म्हणालो. ‘‘मग तारांचा जादा संच माझा,’’ ती म्हणाली, आणि तो तिने घेतलाच. व्यवहारदृष्ट्याही ते योग्य होते. तारा तुटतात, त्याही नेमक्या रविवारी संध्याकाळी.

वाचकांपैकी कोणी यंदा कोणाला गिटार देणार असाल, तर ती गुपचूप आणून आश्चर्याचा धक्का देऊ नका. शिकणाऱ्याला बरोबर न्या, तिच्या मांडीवर वाद्य ठेवून पाहा. क्लासच्या चार महिन्यांचे पैसे बाजूला काढा आणि उरतील त्यात गिटार बसवा. उलट करू नका. पहिले काही आठवडे बोटांची टोके दुखतील; मग तेथे घट्टे पडतात आणि दुखणे थांबते. तोपर्यंत एका बैठकीत तासभर घाम गाळण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे बसावे.

या काळात घरच्यांनी करावयाचे काम एकच: निकाल देण्याची घाई करू नये. ताईचा पहिला सरळ सूर निघायला नऊ दिवस लागले. तो ऐकायला शेजारच्या खोलीत तिची मुलगी अभ्यासाचे पुस्तक उघडे ठेवून, पान न उलटता बसली होती.