अण्णा निदान खोटा तरी नाही म्हणे!

आमच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा परत अण्णा नाईकांची क्लिप आली. ‘रात्रीस खेळ चाले’ संपून वर्षं झाली, पण अण्णा-शेवंता काही संपत नाहीत. कुणी बदाम टाकले, कुणी हसरी तोंडं. आणि एका शिकल्यासवरल्या मुलाने लिहिलं, ‘माणूस वायट आसा, पण खोटो नाय.’ त्यावर तेवीस अंगठे. मोजले मी.

या एका वाक्यावर बोलायचंय. लांबलंय, पण वाचा.

आधीच सांगतो, मी मालिकांवर बंदी मागणारा माणूस नाही. 2016 साली पहिला भाग सुरू झाला तेव्हा कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते म्हणून ओरड झालीच होती. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मला हवाच होता आणि आजही हवाय, पण तो भोंदूबाबाला धरायला आहे, गोष्ट लिहिणाऱ्याला नाही. आमच्या घरी रात्री साडेदहाला मागच्या दाराची कडी घालून सगळे बसायचे. आई पांडू आला की हसायची आणि नंतर मोरीत एकटी जायला घाबरायची. आपली मालवणी रोज टीव्हीवर ऐकायला मिळते याचं कौतुक मलाही होतं. आकेरीचा वाडा बघायला गाड्या भरभरून लोक आले, चार घरांचा धंदा झाला. चांगलंच झालं.

पहिल्या भागात अण्णा मेलेले होते. 2019 ला दुसरा भाग आला तो मागच्या काळात गेला आणि अण्णा जिवंत झाले. माधव अभ्यंकरांनी असा काही अण्णा उभा केला की बघणारा हलला. अपूर्वा नेमळेकरची शेवंता तर काय, घराघरात गेली. इथपर्यंत माझी तक्रार शून्य. लिहिणाऱ्यांनी अण्णाला कुठे धुतल्या तांदळासारखा दाखवलाय? लोकांना लुबाडतो, खून पचवतो, बायकांवर डोळा ठेवतो, आणि शेवटी त्याची पापं त्याला वेड लावतात. मालिकेने सगळं दाखवलं. आपण त्यातलं काय उचललं? तर मिशी आणि ‘शेवंता’ अशी हाक.

आता तो ‘खोटो नाय’ चा मुद्दा. कुणाशी खोटा नाही? ज्यांना लुबाडलं त्यांच्याशी? ज्यांना मारलं त्यांच्याशी? बरं, माईशी? माई म्हणजे इंदू, लग्नाची बायको. शकुंतला नरे यांनी ती बाई अशी केलीय की नुसती पदर सावरून उभी राहिली तरी पोटात कालवतं. अण्णा तिच्यापासून फार काही लपवत नाही, हे खरं. पण का लपवत नाही ते तरी बघा! लपवायची गरजच नाही. माई जाणार कुठे? माहेरी परत? पोरं कडेवर घेऊन? जिच्याकडे जायला जागा नाही तिच्यासमोर उघड वागायला काय हिंमत लागते? लपवाछपवी माणूस करतो ती समोरच्याला थोडंफार भिऊन. अण्णा माईला तेवढंही भीत नव्हता. याला आपण प्रामाणिकपणा म्हणतोय.

आणि म्हणे ‘खरं प्रेम’. शेवंताला काय मिळालं त्या प्रेमात? नाव गेलं, अब्रू गेली, शेवटी जीव गेला. तिसऱ्या भागात दोघंही भुतं झाली तरी लोक खूश, कारण जोडी परत दिसली. माझ्या एका मित्राच्या पुतण्याने लग्नाआधीच्या व्हिडिओत अण्णाच्या थाटात झोपाळ्यावर बसून बायकोला शेवंता म्हणून हाक मारलीय. पोरगी हसत होती. तिला कुणी सांगितलं नसावं की त्या घरात तिची जागा माईची असणार आहे.

गंमत म्हणून सोडून दिलं असतं मी. पण या गमतीचे दोन भाव आहेत. बाजारात कुणाला ‘काय अण्णा!’ म्हटलं की त्याची छाती दोन इंच फुगते. आणि शेवंता? आमच्याकडे एक बाई आहे, नवरा गेला, शिवणकाम करून दोन मुलं शिकवते. कापडाचं सामान आणून देणाऱ्या टेम्पोवाल्याशी चार वेळा बोलताना दिसली, एवढाच गुन्हा. नाक्यावरची पोरं ती जाताना मालिकेचं संगीत मोबाईलवर लावतात. नाव घेत नाहीत हं, फक्त संगीत. हुशार आहेत. तिने आता रस्ता बदललाय, मागच्या पाणंदीने जाते, पावसात तिथे गुडघाभर चिखल असतो. मी पोरांना हटकलं तर म्हणाली, ‘काका, मालिकेचा गाणा आसा, आमका खय म्हायत ता जाता?’

म्हणजे जोडी तीच, गोष्ट तीच. त्यातल्या पुरुषाचं नाव पदवी झालं आणि बाईच्या नावाचा दगड झाला. आणि फेकणारे तेच, जे ग्रुपवर बदाम टाकतात.

राजकारण आणणार नव्हतो, पण येतंच. मागच्या निवडणुकीत प्रचाराला फिरताना मी हेच वाक्य दारादारात ऐकलंय. ‘खातो, पण उघड खातो. दमदाटी करतो, पण मनात काय ठेवत नाही.’ अहो, मनात कशाला ठेवील? तुम्ही काही करणार नाही हे त्याला माहितीय! जमीन गेलेला शेतकरी माझ्यासमोर हे बोलला. स्वतःची जमीन गेलेला. मला तेव्हा त्याचं उत्तर सुचलं नाही, चहा पिऊन उठलो.

आता खाली कमेंट येतीलच. ‘मालिका आहे हो, मनावर काय घेता.’ मान्य. मग त्या शिवणकाम करणाऱ्या बाईने का घ्यावी मनावर, हे पण लिहा. आणि ज्या तेवीस जणांनी अंगठा दिलाय त्यातल्या दोघांची पोरं त्या नाक्यावर बसतात. नावं मला माहितीयत. इथे लिहीत नाही. रविवारी मंडळाची मीटिंग आहे, तिथे समोरासमोर बोलू. संगीत लावायचं असेल तर तिथे लावा, मी समोरच बसलेला असेन.