शाम्पूच्या पुडीचे काय?


‘ग्राहकांनी रिकाम्या बाटल्या वेगळ्या दिल्या की झाले’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे अर्धेच पटले. शाम्पूची बाटली भंगारवाला आनंदाने नेतो, तिला भाव आहे. पुडीला कचरावेचक बाईही सहसा हात लावत नाही: वजन भरत नाही, आणि एकमेकांना चिकटवलेले निरनिराळे थर सुटे कोण करणार? केंद्राच्या २०२२ च्या नियमांनी २०२५-२६ साठी कडक प्लॅस्टिकच्या वेष्टनात ३० टक्के पुनर्प्रक्रिया केलेले प्लॅस्टिक बंधनकारक केले, बहुथरी वेष्टनाला अवघे ५ टक्के. ही सवलत कुणासाठी? पुडी एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकची करा, असे कंपन्यांना आधी सांगावे. गृहिणींचे कचऱ्याचे डबे मग तपासावेत.

– एक वाचक, सोलापूर