विश्लेषण : शाळेत माती आली, भट्टी कधी येणार?

गणेशोत्सव जवळ आला की नाशिकमधील अनेक शाळांत शाडूच्या मूर्तींच्या कार्यशाळा होतात. दोन तासांत मूर्ती तयार होते, फोटो निघतात आणि मूर्ती घरी जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाबाबत सुधारित सूचना काढून पीओपीला विरोध केला. तेव्हापासून या कार्यशाळांचे महत्त्व आणखी वाढले. पण मातीकाम हा शाळेचा विषय करायचा असेल, तर एवढ्यावर भागणार नाही. अडचण नेमकी कुठे आहे?

धोरण काय म्हणते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम आणि कुंभारकाम यांसारख्या कामांचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा, असे म्हटले आहे. याच इयत्तांसाठी दहा दिवसांचा दप्तरमुक्त काळ सुचवला आहे. त्यात विद्यार्थ्यांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन शिकावे, अशी कल्पना आहे. २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आणखी पुढे जातो. नववी-दहावीत व्यवसाय शिक्षण आणि कला शिक्षण हे इतर विषयांच्या बरोबरीचे विषय मानावेत, असे तो सांगतो.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे झालेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला आणि झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. तीच नई तालीम. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने शाळेतच आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करून शिकण्याचा अभ्यासक्रम उभा केला आणि तो राज्यातील अनेक शाळांत पोहोचला. त्यात वर्कशॉप, शेती, ऊर्जा, अन्नप्रक्रिया आहे. माती भाजण्याचे काम मात्र दोन्हीकडे मुख्य धारेत आले नाही.

मूर्ती घडवली म्हणजे सिरॅमिक्स झाले का?

नाही. शाडूची मूर्ती न भाजता ठेवतात, कारण ती पाण्यात विरघळायला हवी असते. सिरॅमिक्स सुरू होते ते माती भाजल्यावर, आणि विज्ञानाचा खरा तासही तिथेच आहे.

मातीतले मोकळे पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास निघून जाते. आच घाईने वाढवली तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन वस्तू फुटते. पुढे साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या खनिजात बांधलेले पाणी बाहेर पडते. शुद्ध केओलिनचे वजन यात सुमारे १४ टक्क्यांनी घटते. यानंतर ती वस्तू पाण्यात टाकली तरी तिचा पुन्हा चिखल होत नाही. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते आणि ते किंचित प्रसरण पावते. थंड होताना हेच उलट घडते, म्हणून भट्टी लवकर उघडली की चांगली वस्तूही तडकते. साधी लाल मातीची भांडी ९०० ते १,१०० अंशांत तयार होतात, स्टोनवेअरला सुमारे १,२०० ते १,३०० अंश लागतात.

नववीच्या विद्यार्थ्याला हे पाठ करून घेण्याची गरज नाही. मातीच्या पट्टीवर दहा सेंटिमीटरची रेघ ओढायची आणि ती वाळल्यावर एकदा, भाजल्यावर एकदा मोजायची. आकुंचनाची टक्केवारी हातात येते. भाजलेला तुकडा कोरडा तोलायचा, रात्रभर पाण्यात ठेवून पुन्हा तोलायचा. त्याने किती पाणी शोषले ते कळते आणि माठातले पाणी गार का होते याचेही उत्तर मिळते. विज्ञान आणि गणित हे दोन्ही विषय एका पट्टीत बसतात.

नाशिकच्या मातीत काय आहे?

गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. त्याच मोहिमेत संगमनेरजवळच्या जोर्वे गावीही खोदकाम झाले. लाल-नारिंगी पृष्ठावर काळी नक्षी असलेल्या भांड्यांना 'जोर्वे' हे नाव त्यावरूनच पडले. इसवी सनापूर्वी साधारण १४०० ते ७०० या काळातली ही भांडी इतकी पक्की भाजलेली आहेत की त्यांवर टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. मडके वाजवून पारखण्याची कुंभाराची रीत आजही तीच आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची पारख केली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा शाळेत सांगितली जातेच. मडक्याचे पक्के होणे भट्टीत कसे घडते, हे मात्र त्या तासाला येत नाही.

बेसाल्टपासून झालेली इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तडकते. म्हणून कुंभार ती एकटी वापरत नाहीत. त्यात गाळाची माती, राख, घोड्याची लीद मिसळतात. शाळेतही हेच करून पाहता येईल. एका पट्टीत नुसती काळी माती, दुसरीत राख मिसळलेली, तिसरीत वाळू मिसळलेली. तिन्हींच्या तडा मोजल्या की प्रकल्प तयार. बाहेरून माती मागवावी लागत नाही. फक्त कार्यशाळेतून उरलेल्या शाडूत पीओपीचे कण आले असतील, तर तो भट्टीत जाणाऱ्या मातीत मिसळू नये. भाजल्यावर ते कण ओलावा शोषून फुगतात आणि वस्तूचा टवका उडतो.

भट्टीचा खर्च परवडेल का?

सर्वांत मोठी अडचण पैशांपेक्षा वायरिंगची आहे. समजा ६ किलोवॉटची छोटी विद्युत भट्टी घेतली. घरगुती १६ अँपिअरचे सॉकेट साधारण पावणेचार किलोवॉटच झेपवते, म्हणजे स्वतंत्र जोडणी लागणारच. आठ तास पूर्ण क्षमतेने चालली तरी जास्तीत जास्त ४८ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तर ४८० रुपये. एका वेळी ६० वस्तू भाजल्या तर वस्तूमागे ८ रुपये. यंत्राची किंमत वेगळी, पण ती प्रत्येक शाळेने भरायचे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रे आहेतच, केंद्रामागे एक भट्टी पुरेल. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मफल फर्नेस असते. तिचा कप्पा लहान असतो, पण चाचणीच्या पट्ट्या त्यात सहज भाजता येतात.

तिसरा पर्याय जुनाच आहे. नवरात्र आणि दिवाळीपूर्वी कुंभारांचा आवा लागतो, त्यात शाळेच्या वस्तूही जाऊ शकतात. पूर्ण वाळलेली पण न भाजलेली वस्तू फार ठिसूळ असते, त्यामुळे ती भुशात ठेवूनच न्यावी लागेल. आणि वेळ महत्त्वाची. पावसाळ्यात माती लवकर वाळत नाही, नेमक्या तेव्हाच शाळेतल्या कार्यशाळा होतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या प्रकल्पांना अधिक योग्य.

शिकवणार कोण?

इथे धोरणाचा सूर थोडा खटकतो. धोरणाने या अनुभवाला मौजेचा अभ्यास म्हटले आहे. वर्गातल्या बहुतेकांसाठी तो मौजेचा असेलही. ज्याच्या घरी आजही चाक फिरते, त्या मुलासाठी तो आई-वडिलांचा रोजगार आहे, आणि अनेकदा त्यातून बाहेर पडण्यासाठीच त्याला शाळेत घातलेले असते. म्हणून कुंभाराला वर्षातून एकदा बोलावून, शाल-श्रीफळ देऊन परत पाठवणे पुरेसे नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीत शंभरपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या शाळेत कला आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. तशाच मानधनावर कुंभार शिकवू शकले, तर त्यांना शिक्षकाचे स्थान मिळेल. वजन, तापमान, आकुंचन यांचा हिशोब विज्ञान शिक्षकाने सांभाळावा. ही जोडी नसेल, तर चाकावरचे फोटोच तेवढे मिळतील.

सुरक्षिततेचे नियम साधे पण सक्तीचे आहेत. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसांना घातक असल्याने वर्ग झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. शिसेयुक्त झिलई शाळेत आणायचीच नाही. भट्टी मोठ्यांनीच लावायची आणि आतले तापमान पुरेसे उतरेपर्यंत उघडायची नाही.

गुणांचे काय?

दहावीला गुण असल्याशिवाय पालक विचारत नाहीत, हे वास्तव आहे. मातीकामात मात्र उत्तम घडवलेली वस्तूही भट्टीत फुटू शकते. तिचे गुण कापले, तर विद्यार्थी पुढच्या वेळी जाड, सोपी पणतीच करतील. त्याऐवजी नोंदवहीला गुण द्यावेत. माती कोणती, जाडी किती, किती दिवस वाळली, कोणत्या तापमानाला तडकली आणि का. फुटलेल्या मडक्याचे कारण अचूक सांगणाऱ्याला गुण द्यायचे की नाहीत, हे मूल्यमापनाच्या तक्त्यात आधीच लिहावे लागेल.