गिअरचा आंखूड दांडा

बुलढाण्याहून मलकापुराकडे उतरूं लागलें कीं राजूर घाट लागतो. तेथें वळणोवळणीं गिअर बदलावा लागतो, आणि दांडा खिळखिळा असेल तर भलताच गिअर पडण्याची धास्ती असते. आमची मारुती ८००, म्हणजे १९८३ सालीं निघालेल्या व २०१४ सालीं बंद झालेल्या जातीची. तिच्यासाठीं आम्हीं मोठ्या हौसेनें ‘शॉर्ट शिफ्टर’ मागविला. आला तो दुसऱ्याच मापाचा!

तरफेचा नियम विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. टेंकू वर सरकविला म्हणजे हाताकडील भुजा आंखूड होते व खालची वाढते. हात थोडा हलतो, पण जोर अधिक लागतो. शिवाय घाईनें दामटलेल्या गिअरांमुळें पेटींतील वेग जुळविणाऱ्या पितळी कड्या लवकर झिजतात. हें सारें शिकविणाऱ्या आम्हांस खरेदीच्या वेळीं तें आठवलें नाहीं.

शेवटीं खामगांवच्या एका कारागिरानें गाडीखालीं डोकावून सांगितलें, “मास्तर, दांडा ठीक आहे, बुश गेले आहेत.” बुश बदलतांच दांडा ठिकाणावर आला.

आंखूड दांडा शर्यतीच्या मोटारीस शोभतो, त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु मुलानें हट्ट धरल्यास पालकांनीं आधीं बुश पाहवून घ्यावे. मग बसवावयाचाच असेल तर गाडीच्या मापाचा आणावा, आणि मोकळ्या मैदानावर सर्व गिअर, विशेषतः मागचा, नीट लागतो व सुटतो अशी खात्री झाल्यावांचून गाडी घाटांत घालूं नये.