पऱ्हाटी, सिलिंडर आणि ग्राहकाची मुभा

चिखली-मेहकरच्या परिसरात कापसाची वेचणी आटोपली की पऱ्हाट्यांचे भारे घराच्या भिंतीशी रचले जातात, आणि २०१६ साली आरंभिलेल्या उज्ज्वला योजनेतून ज्यांच्याकडे गॅस पोचला, त्यांच्याही घरी आंघोळीचे पाणी बहुधा चुलीवरच तापते. यास कोणी अडाणीपणा म्हणेल तर तो अन्याय होय; कारण अनुदान मागाहून बँकेच्या खात्यात जमा होणार असले, तरी १४.२ किलोच्या सिलिंडरची पूर्ण किंमत आधी मोजावी लागते, आणि रोजमजुरीवर चालणाऱ्या संसारातून ती एकरकमी निघणे दुष्कर असते, सरपण मात्र अंगमेहनतीखेरीज काही मागत नाही. (त्या धुराने स्त्रियांच्या छातीवर चढणारे कर्ज कोणत्याच दप्तरात नोंदले जात नाही, ही गोष्ट निराळी.) तेव्हा केवळ जोडण्या वाटून सरकारने कृतकृत्य होऊ नये, पाच किलोच्या लहान सिलिंडरची तजवीज खेडोपाडी करावी. ग्राहकांनीही सिलिंडर दारातच तोलून घ्यावा, रिकाम्याचे वजन त्यावरच लिहिलेले असते. पावतीहून अधिक पैसा देऊ नये. आणि वितरक दाद देत नसेल, तर जवळचा दुसरा वितरक निवडण्याची जी मुभा कायम आहे, तिचा निःसंकोच उपयोग करावा.