हृदयाची नळी आणि सुनेवरील ठपका
बिद्री परिसरात गळीत हंगाम आला, की आंबू लागलेल्या उसाच्या रसावर चिलटे जमतात. या फळमाशीचे हृदय म्हणजे पाठीलगतची एक साधी नळी. तिच्या गर्भात दोन्ही बाजूंच्या पेशी रांगेने पाठीच्या मध्यरेषेकडे सरकतात, परस्परांना भिडतात आणि मधली पोकळी राखून नळी घडवितात. ‘टिनमन’ हे जनुक निकामी असेल, तर हृदय घडतच नाही.

मानवी गर्भातही दोन बाजूंच्या नळ्या मध्यभागी जुळतात. गर्भधारणेनंतर सुमारे तीन आठवड्यांतच स्पंदन सुरू होते. टिनमनशी नाते असलेल्या मानवी जनुकातील दोष काही कुटुंबांत (सर्वांत नव्हे) हृदयातील छिद्रास कारण ठरतो, हे १९९८ मध्ये दिसून आले.

हृदयाच्या पडद्यांची मुख्य घडण आठव्या आठवड्याच्या सुमारास आटोपते. मग सातव्या महिन्यातील ग्रहणात सुनेने विळी हाती धरली, म्हणून नातवाच्या हृदयात छिद्र राहिले, असे आजींनी कशाच्या आधारे म्हणावे? दूध ओढताना बाळाला धाप लागत असेल, घाम येत असेल, वजन वाढत नसेल, तर विनाविलंब बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाची तपासणी व पुढील उपचार मोफत होतात.