झाकली मूठ

प्राणिसंग्रहालय ही बहुधा जगातील एकमेव पेढी असावी, जिथे गिऱ्हाईक आधी पैसे मोजते, आत जाऊन सगळा माल न्याहाळते, काहीही न घेता बाहेर पडते आणि दारात येऊन 'माल चांगला नव्हता' अशी तक्रार करते. तक्रारींची यादीही ठरलेली असते. वाघ झोपला होता, मगर हलली नाही, अस्वल पाठ करून बसले होते, मोराने पिसारा उघडला नाही. जणू तिकिटाच्या मागील बाजूस या सर्व गोष्टींची हमी छापलेली होती!

आपल्या सोलापुरात महानगरपालिकेचे महात्मा गांधी प्राणिसंग्रहालय होते. पुण्यास गेलेले कुटुंब कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय पाहिल्याशिवाय परतत नाही. आणि कापडाच्या खरेदीसाठी मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटात निघालेल्या व्यापाऱ्याबरोबर घरची मंडळीही निघाली, तर 'तुम्ही राणीची बाग पाहून या, तोवर माझी खरेदी उरकते' हा तोडगा आपल्याकडे दोन-तीन पिढ्या चालत आलेला आहे. असल्या ठिकाणी पिंजऱ्याच्या आतील रहिवाशांपेक्षा बाहेरची वर्दळ पाहण्यात माझा वेळ अधिक चांगला जातो. आतले प्राणी आपापल्या जातीप्रमाणे वागतात. बाहेरच्या प्राण्याचा काही नेम नसतो.

प्रथम वेळेचाच विचार करावा. सिंह दिवसाचे वीस तासांपर्यंत विश्रांती घेतो, हे प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेले असते. शिकार क्वचितच साधते, तेव्हा शक्ती जपून वापरावी, असा त्याचा साधा हिशेब आहे. मे महिन्यात भर दुपारी तो झाडाच्या सावलीत आडवा असतो. त्याच वेळी आपण मात्र डोक्यावर ओला रुमाल, एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या असा सरंजाम घेऊन उन्हातून पिंजऱ्यामागून पिंजरे पालथे घालीत असतो. सिंहाने एक डोळा किलकिला करून आपल्याकडे पाहिलेच, तर त्याच्या मनात या दोन्ही जातींच्या बुद्धीविषयी काय विचार येत असेल, याची कल्पना न केलेली बरी.

राणीच्या बागेत तर हा विरोध अधिकच ठळकपणे दिसतो. 1862 साली लोकांसाठी खुली झालेली ही बाग आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाते. 2016 साली तेथे दक्षिण कोरियातील सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. मूळचे ते पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्यासाठी थंड हवेचा काचेचा कक्ष बांधला गेला आणि 2017 साली पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपये झाले. आईवडील व दोन मुले मिळून शंभर रुपये, अशी घाऊक सवलतही ठेवण्यात आली. ती वाचताच आपल्या मंडळींचे चेहरे खुलतात आणि 'मग तिसऱ्या मुलाचे कसे?' अशी घासाघीस खिडकीपाशी सुरू होते. आत गेल्यावर काचेपाशी कोणी तसूभरही हलत नाही. रांगेतील पुढचा माणूस पेंग्विन पाहत असतो. मागचा मात्र डोळे मिटून थंड हवा घेत असतो. भायखळ्याच्या घामाघूम दुपारी वातानुकूलित जागेत आरामात राहणारे कोण आणि पन्नास रुपये भरून पाच मिनिटांपुरता गारवा विकत घेणारे कोण, हे पाहिले म्हणजे काचेची आतली बाजू नेमकी कोणती, असा संभ्रम पडतो.

पाहणाऱ्याचे ज्ञानही अगाध असते. माकडाने दात विचकले की वडील मुलास सांगतात, 'बघ, तुला पाहून हसले.' वास्तविक माकडांच्या भाषेत ओठ मागे खेचून दात दाखवणे ही पुष्कळदा भीतीची खूण असते. ते बिचारे 'मी शरण आहे, मला मारू नका' असे सांगत असते आणि त्याचे उत्तर म्हणून अख्खे कुटुंब त्याला बत्तिशी दाखवते. मगर तासन् तास जबडा उघडून पडते, ते अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी. पण ती मेली आहे की जिवंत, की मुळातच सिमेंटची आहे, यावर कठड्यापाशी पैजा लागतात आणि निकाल लावण्यासाठी कोणीतरी खडा शोधू लागतो. वाघ पिंजऱ्यात एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा येरझारा घालू लागला म्हणजे लोक म्हणतात, 'काय रुबाब आहे!' जाणकार सांगतात, तो रुबाब नव्हे. बंदिस्त आयुष्यातील कंटाळ्याचे व ताणाचे ते लक्षण असते. वर्षअखेरीस खतावणीचा मेळ बसेना म्हणजे शेठजी माडीवर ज्या फेऱ्या घालतात, त्यांना घरात कोणी रुबाब म्हणत नाही.

संशय घेण्यातही आपण मागे नाही. आपल्याकडील बहुतेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपवास असतो. जंगलात त्यांना रोज अन्न मिळत नाही आणि त्यांची पचनसंस्थाही त्याच क्रमाला सरावलेली असते, हे त्यामागील कारण. परंतु त्या दिवशी पोट खपाटीस गेलेला वाघ दिसला रे दिसला की कठड्यापाशी निवाडा होतो, 'याचा खुराक मधल्या मधे कोणीतरी खातो आहे.' ज्या घरांत अष्टमी-चतुर्दशीचे उपवास मुलेही कौतुकाने करतात, त्या घरांतल्या माणसांना वाघाच्या उपवासात मात्र अफरातफर दिसावी, ही गंमत आहे. अर्थात त्याच्या पारण्याच्या वेळी आपल्यापैकी कोणी तिकडे फिरकत नाही, हेही खरे. 'वाघाला पुरणपोळी चालणार नाही का?' असा एका चिमुरडीचा प्रश्न मी कठड्यापाशी ऐकला आहे. तिच्या आजीने फार सुंदर उत्तर दिले. त्या म्हणाल्या, 'बाळ, त्याचा स्वभाव आपण बदलू शकत नाही. आपला तेवढा सांभाळायचा.'

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रत्येक पिंजऱ्यावर 'प्राण्यांना खाद्यपदार्थ देऊ नयेत' अशी पाटी असते. वडील ती मुलाकडून मोठ्याने वाचून घेतात. मुलगा जोडाक्षरासकट अचूक वाचतो. खूश होऊन वडील त्याला बिस्किट बक्षीस देतात आणि मुलगा ते हरणाला टाकतो. यात कोणालाच काही विसंगत वाटत नाही. उलट आईच्या चेहऱ्यावर समाधान असते की, पोरात जीवदयेचा संस्कार उतरला.

आपल्या समाजाचा हात या बाबतीत सैलच. पारव्यांना ज्वारी, मुंग्यांना साखर, पांजरपोळाला चारा, हे सर्व आपण पिढ्यान्पिढ्या करीत आलो. त्यामुळे उपाशी डोळ्यांनी पाहणारा प्राणी समोर असता हात आखडता घेणे आपल्याला पाप वाटते. परंतु हरणाच्या पोटाची रचना निराळी असते. त्याच्या पोटाला चार कप्पे असतात आणि गवत, पाला यांचेच सावकाश पचन तेथे होते. पाव, बिस्किटे, शिजवलेला भात असे पिठूळ अन्न एकदम गेले की ते आंबते, आम्ल वाढते, पोट फुगते आणि प्रसंगी जनावर दगावते. सोबत प्लॅस्टिकची पिशवी गेली तर ती आतच अडकून राहते. दर रविवारी अशी शेकडो कुटुंबे येतात आणि प्रत्येक जण 'एकच तर दिले' असे म्हणतो. एकेका पैशाचे थेंब साचून रक्कम किती होते, हे व्यापाऱ्याला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी.

थायलंडमधील एका समुद्री कासविणीची कथा या संदर्भात सांगण्यासारखी आहे. चोनबुरी प्रांतात एका कुंडात ती राहत असे. तिच्या पाण्यात नाणे टाकले की आयुष्य वाढते, अशी लोकांची श्रद्धा. ती नाणी ती गिळत राहिली. मार्च 2017 मध्ये बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठातील पशुवैद्यांनी शस्त्रक्रिया करून तिच्या पोटातून 915 नाणी काढली. वजन भरले सुमारे पाच किलो. लोकांनी तिला 'ओमसिन' म्हणजे बचतपेटी असे नाव दिले. त्याच महिन्यात ती मरण पावली, वय जेमतेम पंचवीस. नाणे टाकणाऱ्यांपैकी एकाचाही हेतू वाईट नव्हता. आपले आयुष्य वाढावे, एवढीच प्रत्येकाची इच्छा होती आणि त्याची किंमत तिने भरली.

खरे म्हणजे आपण खाऊ टाकतो तो भूक भागवण्यासाठी नव्हे. प्राण्याला ठरल्या वेळी त्याचा आहार मिळत असतोच. आपण खाऊ टाकतो, कारण त्याने उठावे, जवळ यावे, आपल्या मुलाकडे पाहावे, छायाचित्रात नीट दिसावे. दोन रुपयांच्या बिस्किटात आपण त्याची नजर विकत घेत असतो. मगरीला मारलेला खडा आणि हरणाला टाकलेले बिस्किट ही एकाच सौद्याची दोन रूपे आहेत. कायद्यानेही या दोहोंस एकाच ओळीत बसवले आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात पुढे प्राणिसंग्रहालयांविषयी जे प्रकरण जोडले गेले, त्यात प्राण्याला चिडवणे, इजा करणे, खायला घालणे आणि गोंगाट करून त्रास देणे या सर्वांना सारखीच मनाई आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. बिस्किट टाकणाऱ्या सज्जनाला आपण खडा मारणाऱ्याच्या पंक्तीला बसलो आहोत, याची गंधवार्ता नसते.

हीच माणसे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेली की किती शहाण्यासारखी वागतात, ते पाहावे. दूर माळावर काळविटांचा कळप दिसताच सर्वांचे आवाज आपोआप खाली येतात. गाडीचे दारसुद्धा कोणी आपटत नाही. मूल रडू लागले तर त्याला चटकन मागे नेतात. तेथे पाटी वाचावी लागत नाही, कारण जरा आवाज झाला की काळवीट निघून जाईल, हे प्रत्येकास ठाऊक असते. ज्याला निघून जाता येते, त्याच्याशी आपण अदबीने वागतो. ज्याला जाता येत नाही, त्याच्यावर खडा मारून पाहतो. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतानाचा आपला स्वर आणि त्याच गल्ल्यावरून नोकराला हाक मारतानाचा आपला स्वर यांतील अंतर ज्याचे त्याने मोजावे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'बंध' पहिला येतो. पिंजऱ्यातील जीवाला बांधणारे आपण नसू, परंतु बांधलेल्यासमोर कसे वागायचे, हे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात 1963 साली वानरांच्या दालनात एक आरसा लावला होता आणि 'जगातील सर्वांत धोकादायक प्राणी' अशी पाटी त्यावर होती. पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी त्यात भांग नीट करून घेतला असेल, असा माझा तर्क आहे.

मग देणाऱ्याने द्यायचेच नाही काय? अवश्य द्यावे, पण कठड्यावरून नव्हे, कचेरीतून. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात प्राणी दत्तक घेण्याची योजना आहे. त्याच्या आहाराचा व देखभालीचा ठराविक काळाचा खर्च आपण उचलायचा. हरणापासून पक्ष्यापर्यंत, ऐपतीप्रमाणे ज्याला जे झेपेल ते. रीतसर पावती मिळते, हेही आपल्या मंडळींसाठी नमूद करतो. मुलाच्या वाढदिवसाला असा एखादा प्राणी त्याच्या नावे घेतला, तर पुढच्या भेटीत ते मूल बिस्किट टाकणार नाही. शेजारच्या मुलाचा हातही धरील. स्वतःच्या मालाची काळजी घ्यायला व्यापाऱ्याच्या मुलास शिकवावे लागत नाही.

तेव्हा या सुट्टीत अवश्य जावे. डबा न्यावा, दशम्या आणि शेंगांची चटणी झाडाखाली बसून सूर्यास्तापूर्वी आपण खावी आणि कागद, पिशव्या घरी परत आणाव्यात. वाघ झोपलेला असेल तर त्याला झोपू द्यावे, आपल्याही घरी दुपारी दोनला कोणी दार वाजवलेले आवडत नाही. एरवी चिक्कूपणाबद्दल लोक आपल्याला नावे ठेवतात. पिंजऱ्यासमोर मात्र तो मनसोक्त करावा. तेथे झाकली मूठ खरोखरच सव्वा लाखाची असते.